शब्दांआधी रंग
किशोरवयातील राग, लाज किंवा दुःख यांना नेमके नाव देणे मुलांना अनेकदा जमत नाही, आणि मोठ्यांनी वारंवार विचारले की ती अधिकच मिटून जातात. अशा वेळी ‘आर्ट थेरपी’, म्हणजे चित्रांतून भावना व्यक्त करण्याची उपचारपद्धती, उपयोगी पडू शकते. १९४२ मध्ये हा शब्द वापरणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांना क्षयरोगाच्या आजारपणात चित्रकलेनेच आधार दिला होता. या थेरपीत चित्र सुंदर असण्याची अट नसते. कागद फाटेपर्यंत गिरवलेला काळा रंग हेही बोलणेच असते. भावना कागदावर उतरली की ती थोडी दूर ठेवून पाहता येते आणि प्रशिक्षित थेरपिस्टच्या सोबतीने तिच्याविषयी बोलणे सोपे जाते. चित्राचा अर्थ मात्र मुलानेच सांगावा, असे मला मनापासून वाटते. पालकांनी ‘या चित्राबद्दल सांगशील का?’ एवढेच विचारावे.