झोपेत आलेला पक्षाघात: साताऱ्याहून पुण्यापर्यंतचा माझा अनुभव

माझ्या यजमानांना झोपेतच पक्षाघाताचा झटका आला, त्यामुळे तो नेमका किती वाजता आला हे सांगणारे कोणीच नव्हते. साताऱ्याच्या रुग्णालयात मात्र डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारले: "काका शेवटचे व्यवस्थित कधी होते?" रात्री दोनच्या सुमारास ते उठून पाणी प्यायले होते आणि त्यांनी मला पंखा कमी करायला सांगितले होते. सकाळी सहाला पाहते तर उजवा हात लुळा, तोंड वाकडे आणि वाचा बंद. अशा वेळी तास जाग आल्यापासून नव्हे, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसल्यापासून मोजतात; म्हणजे आमचे दोनपासून. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची नेहमीची मर्यादा त्या हिशेबाने उलटून गेली होती.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, पण मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झालेली दिसत होती. डॉक्टरांनी ती चित्रे मोबाइलवरून पुण्यातील तज्ज्ञांना पाठवली आणि आम्हाला अॅम्ब्युलन्सने रवाना केले. ज्या ठिकाणी कॅथ लॅब, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करण्याची सोय आहे आणि मेंदूतील गुठळी काढणारे तज्ज्ञ हजर आहेत, तिथेच जाण्यात अर्थ होता. तरी ओळखीच्या डॉक्टरांकडेच न्यावे, असा नातेवाइकांचा आग्रह खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत फोनवर चालूच होता.

पुण्यात परफ्यूजन स्कॅन झाला. मेंदूचा किती भाग कायमचा गेला आहे आणि किती भाग अपुऱ्या रक्तावर अजून तग धरून आहे, हे त्यातून कळते. आमच्या बाबतीत तग धरलेला भाग मोठा होता. संमतिपत्रावर सही घेताना डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन' या रुग्णांवरील संशोधन-चाचणीविषयी सांगितले: ६ ते २४ तासांच्या दरम्यान आलेले, स्कॅनवरून निवडलेले २०६ रुग्ण, ९० दिवसांनंतर गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के आपले व्यवहार स्वतः करू शकत होते, तर केवळ औषधोपचार मिळालेल्यांपैकी १३ टक्के. रक्तस्रावाचा धोकाही त्यांनी लपवला नाही. हेच दुखणे काही वर्षे आधी आले असते, तर इतक्या उशिरा पोहोचलेल्या रुग्णाला बहुधा कोणी कॅथ लॅबमध्ये घेतले नसते, हे ऐकून मी सही केली.

जांघेतील धमनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन जाळीदार स्टेंटने गुठळी ओढून काढली गेली. डॉक्टरांनी ती गॉजवर ठेवून दाखवली: काळपट लाल, तांदळाच्या दाण्याहून जरा लांब. कारण निघाले हृदयाच्या अनियमित ठोक्यांत. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी आता कायमची आहे.

पुढचा काळ मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेला. गिळण्याची तपासणी होईपर्यंत परिचारिकेने चमचाभर पाणीही देऊ दिले नाही, कारण ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बोलण्याचे तर विचित्रच होते: माझे नाव त्यांना सांगता येत नसे, पण बेचा पाढा मी सुरू केला की ते तो शेवटपर्यंत अचूक म्हणत. पाठ केलेले बोलणे पुष्कळदा असे शाबूत राहते, असे वाचोपचार तज्ज्ञ म्हणाल्या आणि त्यांनी तिथूनच सराव सुरू केला.

यजमानांची माहिती संशोधनाच्या नोंदीत घेण्यासही आम्ही संमती दिली होती. तीन महिन्यांनी त्यासाठी फोन आला: चालतात का, अंघोळ स्वतः करतात का, पैशांचे व्यवहार पाहतात का. मी सांगितले की पाहतात, फक्त सही जुळत नसल्यामुळे बँकेत नव्या सहीचा नमुना द्यावा लागला.