तेल गोठलं एकदाचं

आमच्याकडे थंडी आली की नाही हे पेपरातल्या आकड्यावर नाही, बाथरूमच्या फळीवरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर ठरतं. गेल्या आठवड्यात एका सकाळी आई बाटली उलटी धरून हलवत बाहेर आली, "गोठलं गं!" म्हणाली आणि झालं, तेवढ्यावर माळ्यावरनं स्वेटरची बॅग खाली आली, डांबरगोळ्यांचा वास घरभर, आणि बाबांच्या लागोपाठ सात शिंका.

आता खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की गोठायला लागतंच, त्यामुळे ही काही कडाक्याची थंडी नव्हे, आईचं थर्मामीटर जरा भित्रं आहे एवढंच. कारण दुपारी एक वाजता तीच बाटली परत पाण्यासारखी पातळ! पाऊस गेला की पुण्याची हवा कोरडी होते, आभाळ मोकळं, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि ती अडवायला ढग नसतात, म्हणून पहाटे १५ आणि दुपारी ३० असले प्रकार. सकाळी ऑफिसला निघताना गाडीवर कुडकुडायचं, जेवायच्या सुट्टीत स्वेटर काढून खुर्चीला लटकवायचा आणि संध्याकाळी तो तिथेच विसरून यायचं. माझे दोन स्वेटर आत्ताही ऑफिसातच आहेत.

शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे ना, त्यावरून बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात की इथे सिमल्याची तिकिटं मिळतात का. अहो, ती वेधशाळा. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. थंडी मात्र आणायची राहिली.

तर खरं भांडण पंख्याचं. आई म्हणते बंद, बाबा म्हणतात पंखा नसेल तर डास फोडून खातात, आणि त्यांचंही खोटं नाही. मग तह होतो, पंखा दोनवर आणि अंगावर आजीच्या लुगड्यांची गोधडी. म्हणजे वरनं वारा घालायचा आणि खालून तो अडवायचा, लाइटबिल आपलंच. रात्री कधीतरी कोणीतरी उठून एकवर करतं, पहाटे बघावं तर चारवर, आणि सकाळी विचारलं तर घरात कोणीच हात लावलेला नसतो.

मंडईत तुरीच्या शेंगा दिसायला लागल्यात, आवळे तर ढिगानं. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टीव्हीसमोर बसून सोलत खायच्या, यावर मात्र आमच्या घरात एकमत आहे.

बाटलीचं म्हणाल तर रोज सकाळी ती गरम पाण्याच्या मगात बुडवायचा आईला कंटाळा आला. आजपासून ती वायफायच्या राउटरवर ठेवलीय, "तो नाहीतरी दिवसरात्र तापलेलाच असतो" म्हणून. सकाळपासून नेट जरा स्लो वाटतंय, पण तेल मस्त पातळ आहे, त्यामुळे मी गप्प.