चूक दोनदा केली, उत्तर बरोबर आलं

दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलसाठी दोन द्रावणं करून ठेवायची होती: कॉपर सल्फेट आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट), दोन्ही ०.१ मोलर, म्हणजे लिटरमध्ये रेणुभाराच्या एक दशांश इतके ग्रॅम, एकेक लिटर. वहीत अणुभारांची बेरीज केली. कॉपर सल्फेट १५९.६, हायपो १५८.१. म्हणून १५.९६ ग्रॅम आणि १५.८१ ग्रॅम तोलले, विरघळवले, लेबलं चिकटवली.

खात्री करायला १० मिली कॉपर सल्फेट घेतलं, पोटॅशियम आयोडाइड घातलं आणि सुटलेलं आयोडीन हायपोनं टायट्रेट केलं, म्हणजे ते संपेपर्यंत ब्युरेट या मापनळीतून थेंबथेंब हायपो सोडला. स्टार्चचा निळा रंग गेला तेव्हा ब्युरेट १०.० मिली दाखवत होती. दोघांचं प्रमाण एकास एक, तेव्हा यापेक्षा छान काय हवं? मी खूश.

आमचे सर मात्र संशयी. म्हणाले, "हायपो डायक्रोमेटवर तपासलंस का?" मनात म्हटलं, कशाला? तरीही ०.१ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट (ज्याची तीव्रता पक्की माहीत असते; इथं ०.१ मोलर हायपोच्या बरोबरीचं) १० मिली घेऊन तसंच आयोडाइड घालून टायट्रेट केलं. १० वर निळ्याचं फिकट हिरवं व्हायला हवं होतं. ११ झाले, १३ झाले... १५.७ ला झालं. पुन्हा केलं, पुन्हा १५.७. मी आधी पिपेटला दोष दिला, मग डायक्रोमेटला. आपल्या बेरजेवर कोण शंका घेतं!

सरांनी एवढंच विचारलं, "तू तोललेले कॉपर सल्फेटचे स्फटिक कुठल्या रंगाचे होते?"

निळे. अर्थात निळे! निर्जल कॉपर सल्फेट पांढरं असतं, हे मीच मुलांना परीक्षानळी तापवून दाखवते. निळ्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणजे रेणुभार २४९.७. हायपोच्या स्फटिकातही पाचच, रेणुभार २४८.२. बाटलीवर दोन्ही आकडे छापलेले होते. मी वाचलेच नव्हते. १५.९६ भागिले २४९.७ म्हणजे ०.०६३९ मोलर. हायपो ०.०६३७. दोन्ही जवळजवळ सारखेच पातळ, म्हणून एकमेकांसमोर अगदी खरे ठरले. डायक्रोमेटमध्ये स्फटिकजल नसतं, त्यामुळे चोरी तिथं उघडी पडली.

नवीन द्रावणांना २४.९७ आणि २४.८२ ग्रॅम लागले. डायक्रोमेटवर रीडिंग आलं १०.१. जुना हायपो ओतून दिला. कॉपर सल्फेटवरचं लेबल मात्र सरांनी खरवडून काढलं आणि लिहिलं, 'अज्ञात नमुना'. पुढच्या बॅचला संहती (तीव्रता) काढायला तीच बाटली दिली.