पुस्तकं ऐकता कशाला?

बडोद्याच्या दांडिया बाजारात ओळखीचं कुणी भेटलं आणि माझ्या कानात हेडफोन दिसला, की हटकून विचारतं, "तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाने पुस्तकं ऐकायची? छापील पुस्तकाची सर येते का त्याला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ओझं नाही, प्रवासात बरं, हे आहेच. पण माझं खरं कारण बडोद्याचं आहे. आमच्याकडची बरीच मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरीही ओळखतात. पण तीनशे पानांची मराठी कादंबरी सलग वाचायचा सराव कुठून येणार? माझी भाची दोन-चार पानांत पुस्तक मिटायची. तीच आता स्वयंपाक करता करता कादंबऱ्या ऐकते आणि त्यातल्या माणसांवरून माझ्याशी तावातावाने भांडते. मराठी तिला येतच होती, पुस्तकं तेवढी लांब होती.

आणि बोली! मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद पानावर वाचताना आम्हा बडोदेकरांना त्यांचा हेल कसा कळावा? तिथल्याच माणसाने वाचलेलं ऐकलं, तेव्हा कुठे ती वाक्यं माझ्यासाठी बोलू लागली.

कवितेला मात्र मला कागदच लागतो.

माझ्या आईचं वाचन ई-पुस्तकांमुळे टिकलं. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसं नाही. ते पानाचं छायाचित्र. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ती पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे चित्राऐवजी टाइप केलेल्या मजकुरात, आणायचं काम फार मोलाचं आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं. पुढे संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या, फुकट. वाचक येईल तेव्हा येईल म्हणून पुस्तक कपाटात थांबलं नाही. फोनवरचं पुस्तक मला त्याच वाटेवरचं वाटतं.

फक्त एक गोष्ट सलते. पेटीतलं पुस्तक गावभर फिरायचं. विकत घेतलेलं ई-पुस्तक मात्र बहुतेकदा एका खात्याला बांधलेलं. शेजारच्या काकूंना "वाचून द्या हं परत" म्हणून देता येत नाही. त्यामुळे ऐकून आवडलेलं पुस्तक मी छापीलही मागवतो. प्रकाशकांनी निदान घरच्यांपुरती तरी उसनं द्यायची सोय करावी, असं मला मनापासून वाटतं.