मान मामांची

मंगळवार, रात्री साडेदहा

चादरीच्या नव्या डिझाइनचा फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'हॅट टिप : मामा'. अण्णांनी चष्मा वर सरकवून वाचलं. "मामांना टोपी घातलीस होय गं?"

आता काय सांगायचं! साहेबाच्या देशात हॅटच्या कडेला हात लावला की तो नमस्कार. ज्याच्यामुळे काही सुचलं, त्याला लांबूनच केलेला रामराम. आपल्याकडे टोपी घालतात ती फसवायला. मी तरी कुठली शहाणी? कुणीतरी नुसतं 'एचटी' लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हाय टेन्शन वाटलं होतं. यंत्रमागाच्या गावात दुसरं काय सुचणार!

'साभार' लिहिणार होते, पण त्याच्या मागे मला 'परत' दिसतंच. 'सौजन्य' तर फ्लेक्सवाल्यांनी वापरून संपवलंय.

काहीतरी लिहिणं भाग होतं, कारण किनारीतला मोर सगळा माझा नाही. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, मामांच्या घरी जुन्या ग्राफ पेपरच्या गुंडाळ्या आहेत, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यातल्या एका मोराची मान मी उचलली. पिसारा माझा, मान त्यांची. आणि बघणाऱ्याची नजर आधी मानेवरच जाते. मागच्या वर्षी माझं एक फूल दुसऱ्याच्या नावानं बाजारात गेलं, तेव्हा चार दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं.

मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राचंच घ्या. १८०४ सालापासून नाव ते बनवणाऱ्या जॅकार्डचं. पण भोकं पाडलेल्या कागदावरून सूत उचलायची युक्ती बूशाँची, १७२५ची. कागदाच्या जागी एकमेकांना जोडलेली कार्डं आणली फाल्कोंनं, १७२८ला. पुढं वोकान्सोंनं ती यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसवली. जॅकार्डनं सगळं जुळवून चालतं केलं, हेही काही लहान काम नव्हे. पण आमच्या कारखान्यात रोज कार्डं हाताळणाऱ्यांना आधीच्या तिघांतलं एकही नाव ठाऊक नाही. मलाही शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं.

मघाशी मामांना फोन केला, स्टेटस बघितलं का म्हणून.

"बघितलं की. ते हॅटचं काय कळलं नाही. पण मान जरा जाड झालीय."

"माझी?"

"मोराची गं!"

उद्या ग्राफ काढून दोन घरं कमी करते.