ओळखीचं कुत्रं

"चावलं नाही ओ, नुसता दात लागलाय. गल्लीतलंच कुत्रं आहे की, ओळखीचं!"

आज संध्याकाळी अशोक चौकाजवळच्या गल्लीत एक आजी नातवाच्या पोटरीवर लाल तिखट दाबत होत्या. पोरगं सात-आठ वर्षांचं. ओठ घट्ट मिटून उभं. तिखटाखाली दाताच्या दोन खुणा, एकीवर रक्ताचा थेंब.

त्याला नळाखाली नेलं. कपड्याचा साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुतलं. पंधरा मिनिटं खूप लांब असतात, आज कळलं.

दवाखान्याचं नाव काढलं तशा आजी घाबरल्या. "पोटात चौदा सुया टोचतात. लेकराला सोसायचं नाही."

खरी अडचण ही होती. पोटातली ती इंजेक्शनं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आजी. आता दंडात लस देतात, मोजके डोस. रक्त आलं असेल तर जखमेतही एक औषध टोचतात, लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेच रेबीजच्या विषाणूला थोपवतं. सरकारी दवाखान्यात रिक्षातून सोबत गेलो, पहिला डोस झाला.

हा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात. तोवर जखम भरते, घरचे विसरतात. लक्षणं दिसली की मग जवळपास कुणीच वाचत नाही. आणि लस तर लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1885 मध्येच टोचून दाखवली होती!

पुढचा डोस तीन दिवसांनी. आठवण करायला जाणार आहे.

तुमच्याही घरात अजून त्या चौदा सुयांची भीती आहे का?