अजून चर्चला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लिफ्टमध्ये अर्धंच बोलणं झालं आणि तुमचा मजला आला. प्रश्न मला नवा नाही. हे गेल्यापासून कळव्यात शेजारीपाजारी, नात्यातले, झालंच तर नेहमीची भाजीवाली, सगळ्यांनी विचारून झालंय: "एवढी प्रार्थना केलीत, तरी ते गेलेच. मग अजून चर्चला कशाला जाता?"

ह्यांची शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर गेली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पहाटेची पाळी मिळालेली, म्हणून साडेपाचला रिक्षा करून पुलावरून ठाण्यात. मी स्वतः नर्स, उभा जन्म वॉर्डात काढलेली. ह्यांच्या डाव्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी-शीर जोडून केलेल्या जागेवर, रोज सकाळी बोटं ठेवायची. आत मांजर गुरगुरल्यासारखं लागलं, म्हणजे रक्त नीट वाहतंय, की चहा टाकायचा. आम्हाला दिवसाचं पाणी एक लिटर ठरवून दिलेलं. त्यात चहा आला, आमटी आली, ताकसुद्धा. मे महिन्यातल्या उकाड्यात बर्फाचा खडा मागणाऱ्या नवऱ्याला "आजचं संपलं" म्हणणं काय असतं, ते सांगत बसत नाही.

आणि प्रार्थना तर रोजच. मंडळीतले लोक घरी यायचे, पाळकसाहेब ह्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. मी उपास केले. निकामी झालेली किडनी परत उगवत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गुडघे टेकले की तेच मागायची. नर्स गप्प बसायची आणि बायको मागायची.

दफनानंतर आठवड्याभराने चर्चमधल्याच एक बाई भेटायला आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "कुठेतरी विश्वासच कमी पडला असेल." तुमच्या प्रश्नाचा मला राग येत नाही, खरंच. त्या वाक्याचा आला. दोन महिने चर्चची पायरी चढले नाही. रविवारी साडी नेसून तयार व्हायची आणि मग तशीच कुकर लावायची.

परत गेले ती एका स्तोत्रामुळे. पवित्र शास्त्रात स्तोत्रं दीडशे, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा. लहानपणी नगरला आजीने आमच्याकडून तेविसावं पाठ करून घेतलं होतं, मेंढपाळाचं. अठ्ठ्याऐंशीवं कुणी पाठ करून घेत नाही. त्यातला माणूस देवाला रात्रंदिवस हाका मारतो, माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, आणि शेवटी उरतो तो अंधारच. बाकीची गाऱ्हाणी बहुतेक करून शेवटाला स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. आणि इतक्या शतकांत कुणी त्याला गोड शेवट चिकटवलेला नाही. ते वाचून मी चक्क मोठ्याने देवाशी भांडले. भांडायला कुणीतरी समोर लागतं, हे नंतर लक्षात आलं.

मग दाराजवळचा शेवटचा बाक धरला. आमच्याकडे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांचे अभंग पेटी-तबल्यावर म्हणतात. ओळ ओठावर यायची, गळा मात्र आवळायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बेसूर पण दणक्यात गायच्या. माझ्या वाटणीचंही त्याच गात होत्या, असं मी धरून चालले. कितीतरी रविवार असेच काढले.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 साली, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, 1900 साली. मधली पाच वर्षं मला पूर्वी नुसती गाळलेली जागा वाटायची. आता वाटतं, नवरा पोचला म्हणून ती बाई धावत मागे गेली नाही, हे किती बरं केलं तिने. आपल्या ठाण्यातच 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू विश्वासापायी मारले गेले. ती मोठी माणसं. माझी लढाई फुटकळ आहे: रविवारी सकाळी दाराला कुलूप घालून खाली उतरायचं.

मेलेले उठतील यावर माझा विश्वास आहे का? ईस्टरच्या सकाळी असतो. मंगळवारी दुपारी एकटीचं ताट वाढून घेताना डळमळतो. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही बोलतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. येशू त्याला "आधी पक्कं ठरव, मग ये" म्हणत नाही. हे मला फार धरून ठेवतं. पण त्या बापाचा मुलगा बरा झाला, हेही मला दिसतं. तिथे मी अजून अडते आणि पाळकसाहेबांना तसं सांगितलंही आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. बरं वाटलं.

तुमच्या भावाला डायलिसिस सुरू होऊन महिना झाला, हे मला वॉचमनकडून कळलं. लिफ्टमधला प्रश्न कुठून आला तेही मग कळलं. त्यांच्या आहारवाल्या बाईंना विचारून घ्या, पण बटाटा द्यायचाच झाला तर त्यातलं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून सोलून, पातळ कापून कोमट पाण्यात दोन तास ठेवा. ते पाणी फेका, ताज्या भरपूर पाण्यात उकडा आणि तेही फेका. खुणांचा एक लिटरचा जग आमच्याकडे नुसता पडून आहे, संध्याकाळी येऊन घेऊन जा. आणि भावाचं नाव सांगून ठेवा, रविवारी घेईन.